आजोबा चर्चबाहेर लिंबाखाली बसायचे. त्यांचं तारण झालं का नाही?

मोसंबीवाला
सलाम मंडळी. धर्माचा धागा निघाला की इथं काय होतं ते मला माहितीये, तरी काढायलोय, कारण घरात आठ दिवस झाले कुणी धड बोलंना झालंय.

आमचं गाव जालन्याजवळच. आमच्या भावकीत निम्मे ख्रिस्ती निम्मे हिंदू, आणि सोयरीक दोन्हीकडून होत आलेली. आजी तिच्या आज्यापासून ख्रिस्ती. आजोबा माळकरी. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही तो नाहीच, पण रविवार एक चुकवला नाही. आजीचे गुडघे गेल्यावर सायकलच्या कॅरिअरवर पोत्याची घडी टाकायचे, तिला बसवायचे आणि चार किलोमीटर सायकल हातानं ढकलत न्यायचे. चालवायचे नाहीत, खड्ड्यात ती पडंल म्हणून. पायऱ्यांपाशी तिला उतरवलं की तिच्या चपला पिशवीत घालून समोरच्या लिंबाखाली बसायचे. आत गीत सुरू झालं की बाहेर ह्यांची बोटं सायकलच्या सीटवर. पाळकसाहेब किती वेळा म्हणाले आत या, तर ठरलेलं उत्तर, "मी हितंच बरा, चपला कोन बघंल."

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले. आता गेल्या आठवड्यात घरी प्रार्थना सभा ठेवली होती, बाहेरगावचे एक पास्टर आले होते. सभा संपल्यावर आजीनं हळूच विचारलं, ह्यांचं कसं ओ? ते म्हणाले, आई, विश्वास नाही तर तारण नाही, वचन स्पष्ट आहे, आता मागं राहिलेल्यांसाठी प्रार्थना करा. आवाज चढवला नाही काही नाही, चहा पिता पिता सांगितलं. त्या दिवसापासून आजी चर्चला जायला तयार नाही. गुडघे दुखायलेत म्हणते. गुडघे तर दहा वर्षांपासून दुखायलेत.

प्रश्न एवढाच की खरंच ते इतकं स्पष्ट आहे का. आणि कृपा करून 'सगळे धर्म सारखेच' असं लिहून पळू नका, आजीला ते चालत नाही, ती शास्त्र कोळून प्यालेली बाई आहे.

परभणी_जर्मनी
शेवटी सगळे धर्म सारखेच हो दादा 🙏

मोसंबीवाला
@परभणी_जर्मनी वर काय लिहिलंय राव.

साक्षीदार_७७
मी लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून. पास्टरांची सांगायची जागा आणि वेळ चुकली हे एकदम मान्य. पण जे सांगितलं ते त्यांनी घरून आणलेलं नाही. योहान १४:६ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांची कृत्ये ४:१२, दुसरं कुठलं नावच दिलेलं नाही. योहान ३:१६ सगळ्यांना पाठ असतं, भिंतीवर कॅलेंडर असतं त्याचं, पण दोन ओळी खाली १८ वाचा, विश्वास न ठेवणाऱ्याचा निवाडा होऊन चुकलेला आहे असं आहे. आणि इफिस २:८-९, तारण कृपेनं विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. म्हणजे सायकल ढकलली, चपला सांभाळल्या, हे सगळं वाचून माझ्याही डोळ्यात पाणी आलं, पण ते कर्म झालं. कर्मानं तारण होत असतं तर वधस्तंभाची गरजच काय होती?

खोटा दिलासा देणं हे प्रेम नाही असं मला वाटतं. आजीला बरं वाटावं म्हणून वचन वाकवू नका एवढंच.

वैजापूरची_लेक
साक्षीदार दादा, तुमच्या वचनांना हात लावत नाही, पण तुम्ही अर्धं पान वाचायलात. आमचं माहेर घोगरगाव भागातलं, कॅथलिक. आमच्याकडंही जुने लोक म्हणायचे की चर्चच्या बाहेर तारण नाही, हे वाक्य तिसऱ्या शतकातल्या संत सिप्रियनपासूनचं आहे. पण गंमत ऐका. अमेरिकेत बोस्टनला फीनी नावाचे एक फादर होते, ते हेच वाक्य धरून बसले, कॅथलिक नाही तो गेला नरकात, विषय संपला. तर १९४९ ला रोमहून पत्र आलं की या वाक्याचा असा अर्थ लावायचा नसतो, मनातली इच्छासुद्धा धरली जाते, माणसाला स्वतःला ती नीट सांगता आली नाही तरी. फीनी ऐकेनात आणि रोमला बोलावलं तर जाईनात, तर १९५३ ला त्यांनाच बहिष्कृत केलं. कागदावर कारण आज्ञाभंगाचं. पण बाहेर तारण नाही म्हणणारा माणूसच बाहेर काढला गेला.

मग १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बिशपांची मोठी सभा. तिच्या १९६४ च्या दस्तऐवजात १६ व्या कलमात सरळ लिहिलंय की स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सद्सद्विवेकाला धरून वागतो, त्यालाही तारण मिळू शकतं. आणि आणखी एक, चर्चनं हजारो संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. येशूला दगा देणाऱ्या यहूदाचंही नाही. मग चहाच्या कपावर हा निकाल कसा काय लागला?

साक्षीदार_७७
ताई, मुद्दा चांगला आहे पण १६ च्या आधी १४ कलम येतं. त्यात लिहिलंय की चर्च आवश्यक आहे हे माहीत असून जो आत यायला नकार देतो त्याचं तारण होऊ शकत नाही. आजोबांना माहीत नव्हतं असं म्हणता येईल का? चार-पाच दशकं दर रविवारी लिंबाखाली बसून संदेश ऐकलाय त्यांनी. जंगलातल्या माणसाला लागू होतं ते त्यांना लागू होत नाही.

वैजापूरची_लेक
ऐकणं आणि कळणं यात फरक आहे ना पण. मोसंबीवाला, आजोबा आत का जात नव्हते? चपला हे काही कारण नाही.

मोसंबीवाला
आजीलाच विचारलं आज. लग्नानंतर एकदा तयार झाले होते म्हणे. तेव्हाच्या कुणीतरी सांगितलं की आधी गळ्यातली माळ काढा. आजोबा म्हणाले ही आईनं घातलीय, आई हाये तवर काढणार नाही. आणि पणजी जगली नव्वदीच्या पुढं. मी म्हणलं मग ती गेल्यावर? तर आजी म्हणाली, "तवर चपलांची सवय झाल्ती ह्यांना."

परभणी_जर्मनी
माफ करा दादा. हे वाचून चेष्टा करायची इच्छा गेली.

काळी_माती
मी धार्मिक माणूस नाही, आडत दुकानावर बसतो, पण तुमच्या शब्दावरून एक सुचलं. तारण म्हणलं की आमच्या डोक्यात एकच येतं, शेतमाल तारण. बाजार समितीच्या गोडाऊनला सोयाबीन टाकायचं, त्या दिवसाच्या भावाच्या ७५ टक्क्यापर्यंत उचल घ्यायची, ६ टक्के व्याज, १८० दिवसात सोडवायचं. माल आपलाच असतो पण कुलूप दुसऱ्याचं. सोडवला नाही तर गेला. मला आधी वाटलं साक्षीदारांचं म्हणणं तसंच आहे, मुदतीत पावती घेऊन आला तर सुटला नाहीतर लिलाव. मग आमच्या गुमास्त्याला विचारलं, तो ख्रिस्ती आहे. तो म्हणला शेठ तसं नाही, आमच्यात पैसे भरणारा दुसराच आहे. मग भांडण हे दिसायलंय की त्यानं कुणाकुणाच्या पावत्या सोडवल्या, सगळ्यांच्या का ज्यांनी अर्ज केला त्यांच्याच?

लिंबोणी
@काळी_माती तुम्ही सहज बोललात पण हाच वाद आहे, शेकडो वर्षांचा. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. पुष्कळांसाठी. आणि पहिलं तीमथ्य २:६ म्हणतं सर्वांसाठी. या दोन शब्दांवर माणसं भांडलीत. हॉलंडमध्ये डॉर्ट गावी १६१८-१९ ला परिषद भरली, त्यात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या बाजूच्यांनी ठरवलं की ख्रिस्ताचं मरण पुरेसं सगळ्या जगाला आहे, पण लागू होतं ते देवानं निवडलेल्यांनाच. कॅथलिक मिस्सामध्ये म्हणजे उपासनेत सुद्धा द्राक्षारसाच्या प्याल्यावर म्हणायच्या शब्दांत इंग्रजीत 'सर्वांसाठी' म्हणायचे, तर २००६ ला रोमहून पत्र आलं की लॅटिनमध्ये पुष्कळांसाठी आहे तर पुष्कळांसाठीच म्हणा, आणि २०११ पासून ते बदललं.

आपल्या मराठी शास्त्रात आणखी एक व्यवहाराचा शब्द आहे. दुसरं करिंथ १:२२, देवानं आपला आत्मा 'विसार' म्हणून दिला. विसार म्हणजे आपण जमिनीच्या सौद्याला देतो तो इसार. मूळ ग्रीकमध्येही सौद्यातलाच शब्द आहे. म्हणजे शास्त्रात आडतीची भाषा चालते, लाजू नका.

जुनी_वही
मंडळी, उशिरा आलो, पण एक बाजू अजून कुणी मांडली नाही ती म्हणजे शेवटी सगळ्यांचंच तारण होणार असं मानणारे ख्रिस्ती सुद्धा आहेत आणि ते आजकालचे नाहीत, फार जुने आहेत. ओरिजेन म्हणून अलेक्झांड्रियाचा पंडित, साधारण १८५ ते २५४, त्याचं म्हणणं की देवाचा अग्नी माणसाला जाळायला नाही तर माणसातला हीण जाळायला आहे, सोनार सोनं तापवतो तसं, आणि शेवटी सगळं त्याच्याकडंच परत येईल, पहिलं करिंथ १५:२८ प्रमाणे देव सर्वात सर्व होईल. तो मेल्यावर तीनशे वर्षांनी ५५३ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी त्याच्यावर शाप पडले, पण त्यात नेमकं काय आणि किती धिक्कारलं याच्यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि मजा म्हणजे जवळजवळ तेच बोलणारा निस्साचा ग्रेगरी मात्र आजपण संत आहे, त्याला कुणी हात लावला नाही.

विरुद्ध बाजूला ऑगस्टिन, ३५४ ते ४३०. त्याचा मुद्दा असा की मत्तय २५:४६ मध्ये एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन आहे, शिक्षा संपणारी धरली तर जीवन पण संपणारं धरावं लागेल, एका वाक्यात एका शब्दाचे दोन अर्थ कसे घेणार? मुद्दा साधा आहे आणि मला अजूनही त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर सापडलं नाही हे मोकळेपणानं सांगतो. दुसरी बाजू म्हणते की मूळ ग्रीक शब्द 'आयोनिऑस' हा 'आयोन' म्हणजे युग यावरून आलाय, म्हणजे येणाऱ्या युगाची शिक्षा, कधीच न संपणारी असं त्यात येतंच असं नाही. आणि शिक्षेचा शब्द 'कोलासिस', अ‍ॅरिस्टॉटलनं फरक केलाय की सूड हा देणाऱ्याच्या समाधानासाठी आणि कोलासिस ही भोगणाऱ्याच्या सुधारणेसाठी. आता मत्तय लिहिणाऱ्याच्या मनात अ‍ॅरिस्टॉटल होता का, तर बहुतेक नव्हता, त्यामुळं या मुद्द्यावर फार भार टाकू नका.

पण रोम, करिंथ ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाला विसरू नका. रोम ५:१८, जसा एकाच्या अपराधानं सर्वांना दंड तसं एकाच्या नीतिमत्त्वानं सर्वांना जीवन. पहिलं करिंथ १५:२२, आदामामध्ये सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील. पहिल्या 'सर्व'मध्ये आपण सगळ्यांना धरतो ना? मग दुसऱ्या 'सर्व'ला का कात्री लावतो?

साक्षीदार_७७
कारण लगेच पुढच्या २३ मध्ये 'ख्रिस्ताचे आहेत ते' असं आहे. ख्रिस्तामध्ये जे आहेत ते सर्व.

आणि एक विचार करा. जो माणूस देवाला आयुष्यभर नको म्हणतो त्याला शेवटी बखोट धरून आत ओढलं तर ते प्रेम कसलं? देव दार ठोठावतो, दार तोडत नाही.

पैठणकर
ओढायचं कशाला. आमच्याकडं रोज कीर्तनाच्या शेवटी पसायदान होतं. त्यात माउली असं नाही मागत की खळ जावोत. 'जे खळांची व्यंकटी सांडो.' व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. वाकडेपणा जाऊ दे, माणूस राहू दे. आणि पुढं लगेच त्याला सत्कर्मात गोडी वाटू दे. बखोट धरायची गरजच नाही, त्याला स्वतःलाच यावं वाटंल. तुमच्या त्या ओरिजेनचं ऐकून मला हेच आठवलं. सारखंच आहे असं म्हणत नाही, मोसंबीवाल्यानं दम दिलाय.

जुनी_वही
@पैठणकर जवळ आहे, पण ओरिजेन अग्नीतून नेतो, पसायदानात अग्नी नाही. हा फरक लहान नाही. बाकी लिंबाखालच्या माळकऱ्यानं दोन्ही ऐकलं असणार हे डोक्यातून जाईना.

सत्यशोधक_बाण
हे सगळं धर्मांतराचं दुकान आहे, आधी तांदूळ द्यायचे मग

संपादक
वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. धाग्याचा विषय वेगळा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथंही भाषा सांभाळा.

जुनी_वही
उडवलात ते बरं केलं, पण त्यावरून आठवलं. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री, यांनी १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता. बापानं कोर्टात दावा लावला, पोरगं लहान म्हणून कोर्टानं बापाच्या ताब्यात दिलं, आणि मग त्याला शुद्ध करून परत घ्यायचं का नाही यावर ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर परत घ्या म्हणणाऱ्यांत होते. म्हणजे एक भाऊ आत, एक बाहेर, आणि दोन्हीकडचे लोक त्या लेकराच्या नावानं आत कोण बाहेर कोण ठरवत बसलेले. आपण तेच करायलोय.

सिस्टर_अक्का
रात्रपाळी संपवून बसलेय, थोडं लिहिते. पुरुष मंडळी 'सर्व' आणि 'पुष्कळ' मोजत बसलेत आणि कुणी नवरा-बायकोचं वचन काढलंच नाही. पहिलं करिंथ ७:१४. विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळं पवित्र झालेला आहे. पौलानं लिहिलंय, मी नाही. करिंथच्या मंडळीत असेच संसार होते, एक आत एक बाहेर, आणि लोकांनी विचारलं असणार की सोडून द्यावं का. पौल म्हणतो तो राहायला तयार असेल तर सोडू नको.

दुसरं, मार्क २. कफर्णहूमात चार जणांनी पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणलं, दारात गर्दी, तर छप्पर उकरून खाली सोडलं. येशूनं काय बघितलं? 'त्यांचा विश्वास पाहून' असं आहे. त्यांचा. बाजेवरच्या माणसानं तोंड उघडल्याचं कुठं लिहिलेलं नाही, कबुली नाही काही नाही, आणि तरी 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे'. म्हणजे एकाचा विश्वास दुसऱ्याच्या कामी येतो. आता यांच्या घरात कोण बाजेवर होतं आणि कोण उचलणारं होतं हे तुम्हीच ठरवा, मला तर सायकलच दिसायली.

वॉर्डात माणसं जाताना रोज बघते. शेवटच्या तासात कोण कुणाशी काय बोललं ते आम्हाला बाजूला उभं राहून ऐकू येत नाही. वधस्तंभावरच्या चोरानं तर येशूला एकच वाक्य म्हटलं.

साक्षीदार_७७
अक्का, मार्क २ चा मुद्दा मी असा कधी वाचला नव्हता, खरं सांगतो. पण ७:१४ बद्दल सावध राहा, तिथं 'पवित्र' आहे, 'तारण' नाही. दोन ओळींनी १६ येतं, बाई, तू नवऱ्याला तारशील हे तुला काय ठाऊक? पौलानं स्वतःच प्रश्न उघडा ठेवलाय.

सिस्टर_अक्का
उघडा ठेवलाय ना? मग तुमच्या पास्टरांनी बंद का केला?

साक्षीदार_७७
माझे नाहीत ते 🙂 पण हो. मी त्यांच्या जागी असतो तर 'मला माहीत नाही, देव न्यायी आहे' इथं थांबलो असतो. वचन मी बदलणार नाही. आजोबांचं नाव घेऊन निकालही देणार नाही. पहिल्या प्रतिसादात तसं वाटलं असेल तर तेवढं मागं घेतो.

लिंबोणी
पहिलं तीमथ्य ४:१० राहिलं. जिवंत देव सर्व माणसांचा आणि 'विशेषेकरून' विश्वास ठेवणाऱ्यांचा तारणारा. त्या विशेषेकरूनचं काय करायचं ते मला आजवर कळलं नाही. विश्वास ठेवणाऱ्यांचाच असं म्हणायचं असतं तर सरळ तसंच लिहिलं असतं की.

काळी_माती
आमच्या गुमास्त्याला विचारलं. तो म्हणला शेठ, हिशोब लागत नसंल तर वही मालकाकडं द्यायची.

मोसंबीवाला
सगळ्यांचे आभार. काल रात्री आजीपाशी बसलो. लाईट गेलेली, मोबाईलच्या बॅटरीवर वाचत होतो. मार्क २ वाचलं, ती ऐकत होती. सायकलचं बोललो तर हसली जरा, म्हणाली ह्यांनी छप्पर उकरलं असतं पण पत्रे मोडले तर पाळकसाहेब बोलले असते.

मग मी मोठ्या रुबाबात पहिलं करिंथ ७ उघडलं, १४ वाचलं. नवरा बायकोमुळं पवित्र झाला आहे. मला वाटलं आता आजी रडंल नाहीतर काहीतरी म्हणंल. ती म्हणाली, "१४ मला पाठ हाये रे बाळा. पंचावन्न वर्सं झाली, मी १६ वर बसलेय."

मग तिनं स्वतःच १६ म्हणून दाखवलं, न बघता. आणि म्हणाली त्या पास्टरला विचार, त्यानं १७ वाचलंय का. मी वाचलं, त्यात आहे की प्रभूनं ज्याला जसं वाटून दिलं आणि देवानं ज्याला ज्या स्थितीत बोलावलं तसं त्यानं चालावं.

रविवारी जायचं म्हणतेय. मी म्हणलं गाडीवर नेतो, तर नको म्हणाली, सायकल काढ. तिची मागची ट्यूब गेलीय, उद्या जालन्याला जाऊन आणतो.

परभणी_जर्मनी
चपला कोण सांभाळणार?

मोसंबीवाला
@परभणी_जर्मनी मी आत बसतो रे, माझा बाप्तिस्मा झालाय. बघू, या रविवारी लिंबाखाली बसून बघतो.